सातेरी मधमाशीच्या पेटीतील जागेचे नियोजन : पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

मधमाश्यांची पेटी रिकामी झाली की 'माश्या उडून गेल्या' एवढ्या एकाच वाक्यात ती घटना सांगितली जाते. वस्तुतः सातेरी मधमाशी दोन भिन्न कारणांनी घर सोडते. भरभराटीच्या काळात दाटी झाली म्हणून वसाहतीचा एक भाग बाहेर पडतो. तर उपासमार, कीड वा उपद्रव यांमुळे संपूर्ण वसाहत स्थलांतर करते. पहिल्या प्रसंगी पेटीत जागा वाढविणे हा उपाय असतो, दुसऱ्या प्रसंगी जागा कमी करणे हा. प्रस्तुत लेखात जागेच्या या दुहेरी नियोजनाची जीवशास्त्रीय बैठक स्पष्ट केली असून, पेण व रोहा तालुक्यांतील ऋतुचक्राशी त्याची सांगड घातली आहे.

बीजशब्द : सातेरी मधमाशी, पिलावा कोठी, मधकोठी, वसाहतीचे विभाजन, स्थलांतर, रायगड जिल्हा.

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके खाडी आणि डोंगर यांच्या मध्ये वसलेले आहेत. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी, खारजमिनी व मिठागरे, तर पूर्वेस सह्याद्रीच्या उपरांगा आहेत. रोह्यातून कुंडलिका नदी वाहते. तालुक्याच्या पश्चिम भागातील वनक्षेत्र १९८६ साली घोषित झालेल्या फणसाड अभयारण्याशी संलग्न आहे. भातशेती, भातानंतरचे वालाचे पीक, आंबा-काजूच्या बागा, परसातील नारळ व वेलभाज्या, डोंगरातील मिश्र पानझडी वने आणि खाडीकाठची कांदळवने अशी वनस्पतींची विविधता थोड्या अंतरात येथे आढळते. मधमाशीपालनाच्या दृष्टीने ही विविधता मोलाची आहे.

ग्रामोद्योगांच्या इतिहासातही पेणचे स्थान आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ज्या उद्योगांचा पुरस्कार केला, त्यांत मधमाशीपालनाचा समावेश होता. पुढे महाबळेश्वर हे महाराष्ट्रातील या उद्योगाचे केंद्र बनले. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात कार्यरत आहे. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगाव त्या मार्गाने गेले. घाटमाथ्यावरील हा अनुभव कोकणात उतरविण्याची चर्चा आता होत असते. तथापि घाटमाथ्याचे वेळापत्रक व कोकणचे वेळापत्रक एक नव्हे. पेटी तीच, माशी तीच; पण तिला जागा केव्हा द्यावी आणि केव्हा काढून घ्यावी, हे स्थानिक फुलोरा व पाऊस ठरवितात. म्हणूनच या विषयाचे स्वतंत्र विवेचन आवश्यक वाटते.

लेखाची उद्दिष्टे :

१) मधमाश्यांच्या पेटीतील 'जागा' या संकल्पनेचा शास्त्रीय अर्थ स्पष्ट करणे.
२) दाटीमुळे होणारे विभाजन व उपासमारीमुळे होणारे स्थलांतर यांतील भेद दाखविणे.
३) जागा वाढविण्याच्या व कमी करण्याच्या पद्धतींचे विवेचन करणे.
४) पेण व रोहा तालुक्यांच्या ऋतुचक्रानुसार या पद्धतींचा क्रम सुचविणे.

विवेचन :

१. 'जागा' या संकल्पनेचा विकास

महाराष्ट्रात आढळणाऱ्या मधमाश्यांपैकी आग्या माशी उंच झाडावर वा कड्यावर एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते. फुलोरी माशी झुडपात छोटे पोळे बांधते. या दोन्ही पेटीत नांदत नाहीत. सातेरी माशी (एपिस सेराना इंडिका) मात्र झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी एकमेकांस समांतर अनेक पोळी बांधते. बंदिस्त पोकळीत राहण्याच्या या सवयीमुळेच ती पेटीत पाळता येते. मात्र पोकळी बंदिस्त असल्यामुळे तिच्या वाढीस मर्यादाही पडते. आग्या माशीचे पोळे मोकळ्या हवेत वाढू शकते. सातेरीचे घर भिंतीशी येऊन थांबते.

आधुनिक मधमाशीपालन तीन शोधांवर उभे आहे आणि या तिन्हींचा संबंध जागेशी आहे. १८५१ साली अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ यांनी असे ओळखले की, पोळ्यांच्या व पेटीच्या भिंतींच्या मध्ये ठरावीक अंतर ठेवले तर माश्या ते मेणाने बुजवीत नाहीत, ये-जा करण्यासाठी मोकळे ठेवतात. सातेरीसाठी हे अंतर सुमारे ७ ते ९ मिलिमीटर असते. या एका निरीक्षणामुळे पोळे बांधलेली चौकट न तोडता उचलता येऊ लागली. १८५७ साली जर्मनीतील मेहरिंग यांनी षट्कोनी ठसे उमटविलेला मेणपत्रा तयार केला. त्यामुळे माश्यांना घर बांधण्यासाठी तयार पाया मिळाला. १८६५ साली ह्रुश्का यांनी फिरत्या यंत्राने मध काढण्याची रीत शोधली. त्यामुळे मध काढूनही पोळे शाबूत राहू लागले. भारतात फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ च्या दरम्यान दक्षिण भारतातील देशी माशीच्या मापाची लहान पेटी तयार केली. महाराष्ट्रात सातेरीसाठी वापरात असलेल्या पेट्या मुख्यतः या मापाच्या परंपरेतील आहेत.

पेटीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. तळपाटावर ठेवलेला खालचा मोठा कप्पा म्हणजे पिलावा कोठी. येथे राणी अंडी घालते व पिल्ले वाढतात. त्यावरचा कमी उंचीचा कप्पा म्हणजे मधकोठी. जागेचा प्रश्न या दोन्ही कप्प्यांत वेगवेगळ्या स्वरूपात उद्भवतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

२. दाटीचा हिशेब

पेटीत दाटी झाली म्हणजे नेमके काय झाले, हे साध्या गणिताने समजून घेता येते. सातेरीच्या कामकरी माशीचे घर सुमारे साडेचार मिलिमीटर रुंद असते. त्या मापाने २० सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर उंच पोळ्याच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ३,२०० घरे होतात. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे २० दिवस लागतात. म्हणजे एकदा अंडे घातलेले घर तितके दिवस अडकून राहते. राणी दिवसाला ५०० अंडी घालते असे उदाहरणादाखल धरल्यास २० दिवसांत १०,००० घरे व्यापली जातात. पोळ्याचा वरचा पट्टा मधासाठी व त्याखालचा परागासाठी वापरला जात असल्यामुळे पिलाव्याच्या वाट्यास साधारणतः साठ टक्के घरे येतात असे मानू. याचा अर्थ, अशा राणीला सलग अंडी घालण्यासाठी पूर्ण बांधलेली पाच ते सहा पोळी हवीत. ती चारच असतील तर तिला दिवसाला सुमारे ३८० घरेच उपलब्ध होतील.

फुलोरा सुरू झाला की हा हिशेब अधिकच बिघडतो. बाहेरून येणारा पातळ मकरंद साठविण्यासाठी घरे हवी असतात. वर जागा नसल्यास कामकरी माश्या पिल्ले बाहेर पडून नुकत्याच रिकाम्या झालेल्या घरांत मकरंद भरतात. राणीची जागा आणखी आकसते. त्याच वेळी पूर्वी घातलेल्या अंड्यांतून रोज शेकडो तरुण माश्या बाहेर पडत असतात. या माश्यांचे काम पिल्लांना भरविण्याचे. पण भरवायला पिल्ले कमी. शिवाय गर्दीत राणीच्या अंगचा गंधद्रव्यरूपी संदेश सर्व माश्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. या सर्व परिस्थितीचा परिणाम म्हणून पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे बांधली जातात. राणीघर बंद होण्याच्या सुमारास, म्हणजे त्यात अंडे पडल्यापासून सुमारे आठ दिवसांत, जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून अधिक माश्यांसह बाहेर पडते. त्यानंतर नव्या राण्यांसोबत आणखी लहान थवेही निघू शकतात.

निसर्गाच्या दृष्टीने ही वंशवृद्धी होय. मधपाळाच्या दृष्टीने मात्र नेमक्या मधाच्या हंगामात कष्ट करणारे हात निम्म्याने कमी होतात.

३. दोन प्रकारचे जाणे

दाटीमुळे होणारे विभाजन आणि संपूर्ण वसाहतीचे स्थलांतर यांत मूलभूत फरक आहे. विभाजन हे समृद्धीचे लक्षण असून स्थलांतर हे विपन्नतेचे. मकरंदाचा तुटवडा, मेणकिडा, मुंग्यांचा वा गांधीलमाश्यांचा उपद्रव, कडक ऊन, पेटीत शिरणारे पाणी किंवा वारंवार केलेली हाताळणी यांमुळे सातेरी आपले घर सोडून देते. देशी माशीचा हा स्वभावच आहे. युरोपीय मेलिफेरा माशीत तो या प्रमाणात दिसत नाही.

माश्या गेल्यानंतरही पेटी उघडून कारण ओळखता येते. थवा निघून गेला असेल तर पेटीत काही माश्या, बंद पिलावा, मध आणि पोळ्याच्या कडेला राणीघरे शिल्लक असतात. स्थलांतर झाले असेल तर पोळी कोरडी असतात. अंडी-पिलावा जवळजवळ नसतो, कारण निघण्यापूर्वी राणीने अंडी घालणे थांबविलेले असते आणि साठा संपविलेला असतो. मेणकिड्याची जाळी दिसल्यास तीही नोंदवावी. मात्र कीड माश्या गेल्यानंतरही शिरते, हे विसरू नये.

हा भेद न केल्यास उपाय उलट पडतो. दुबळ्या वसाहतीला 'ऐसपैस जागा' म्हणून आणखी चौकटी दिल्या की तिच्या संरक्षणाखाली नसलेली पोळी मेणकिड्याच्या स्वाधीन होतात आणि स्थलांतर लवकर घडते. याउलट जोमदार वसाहतीला 'त्रास नको' म्हणून पेटी न उघडता ठेवली की थवा निघतो. पेटी रिकामी होण्याचा परिणाम एकच दिसत असला, तरी कारणे परस्परविरोधी आहेत.

४. पिलावा कोठीत जागा देणे

पिलावा कोठीत जागा वाढविण्याची वेळ पुढील लक्षणांवरून ओळखावी : सर्व पोळी टोकापासून टोकापर्यंत माश्यांनी झाकलेली असणे, चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर पांढरे ताजे मेण दिसणे, शेवटच्या चौकटीपलीकडे माश्यांनी स्वतःहून पोळे बांधू लागणे, नरमाश्यांची घरे वाढणे, आणि पोळ्याच्या कडेला पेल्यासारख्या राणीघरांची सुरुवात होणे. पेल्यात अंडे दिसले तर वेळ थोडा उरला आहे असे समजावे. दारावर लोंबणारा माश्यांचा घोळका केवळ उकाड्यामुळेही असू शकतो. म्हणून त्या एका खुणेवर विसंबू नये.

जागा देताना रिकामी चौकट आणि बांधलेले पोळे यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. मेण हे कामकरी माश्यांच्या पोटाखालील ग्रंथींतून स्रवते आणि ते मुख्यतः सुमारे दोन आठवडे वयाच्या तरुण माश्या तयार करतात. १ किलो मेण तयार होण्यासाठी साधारणतः ६ ते ८ किलो मध खर्ची पडतो, असा अंदाज मधमाशीशास्त्रात मांडला जातो. म्हणून बाहेर मकरंद येत नसताना दिलेली रिकामी चौकट ही जागा नसून केवळ पोकळी होय. मकरंद येत असेल व तरुण माश्या भरपूर असतील तरच मेणपत्रा बसविलेली चौकट झपाट्याने बांधली जाते. मेणपत्रा सातेरीच्या मापाचाच हवा. मेलिफेराच्या मोठ्या घरांचा पत्रा दिल्यास पोळे वेडेवाकडे होते.

एका वेळी एकच चौकट द्यावी. सर्वसाधारण वसाहतीत ती पिलाव्याच्या शेवटच्या पोळ्याशेजारी ठेवावी. वसाहत अतिशय जोमदार व हवा उबदार असेल तरच ती पिलाव्याच्या मध्ये घालावी; अन्यथा पिलाव्याचे दोन भाग होऊन ऊब टिकत नाही. सातेरीच्या दोन पोळ्यांच्या मध्यरेषांतील अंतर सुमारे ३१ ते ३२ मिलिमीटर असते. चौकटी त्याहून दूर ठेवल्या तर मध्ये आडवी पोळी बांधली जातात आणि पुढील तपासणीत ती तुटतात. काळी पडलेली जुनी पोळी कडेला सरकवून, पिलावा निघाल्यावर काढून घेतल्यास त्यांची जागा नव्या पोळ्यांना मिळते.

राणीघरे दिसताच ती सरसकट खुडून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती धोक्याची आहे. दाटी कायम असेपर्यंत माश्या पुन्हा राणीघरे बांधतात. आणि जुनी राणी आधीच थव्यासह गेली असेल तर राणीघरे खुडणे म्हणजे वसाहत कायमची राणीविना करणे होय. तसेच पोळ्याच्या मध्यभागी असलेली एक-दोन राणीघरे बहुधा वृद्ध राणीच्या जागी नवी राणी आणण्यासाठी असतात. त्यांना हात लावू नये. आधी ताजी अंडी आहेत की नाहीत ते पाहावे, मग निर्णय घ्यावा.

५. मधकोठीत जागा देणे

पिलावा कोठीतील बहुतेक पोळी माश्यांनी भरली आणि वरच्या पट्ट्यांवर पांढरे मेण दिसू लागले की मधकोठी चढवावी. ती भरत आल्यावर दुसरी मधकोठी हवी असल्यास पहिलीच्या खाली, म्हणजे पिलावा कोठीलगत ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे पिलाव्याच्या डोक्यावर नेहमी रिकामी घरे राहतात आणि मकरंद खाली साठविला जात नाही.

मध काढणे ही जागा देण्याचीच एक क्रिया आहे, हे बहुधा लक्षात येत नाही. पोळ्यातील किमान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावर त्यांची टोपणे कापून यंत्रात फिरविली की मध बाहेर पडतो आणि रिकामे पोळे पुन्हा पेटीत ठेवता येते. माश्यांना नव्याने मेण खर्च न करता हजारो घरे उपलब्ध होतात. याउलट पोळे कापून, पिळून मध काढल्यास पिलावा नष्ट होतो आणि घरही जाते. कोकणातील दमट हवेत न बंद झालेल्या घरांतील मधात पाण्याचे प्रमाण जास्त राहून तो आंबण्याचा संभव असतो. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत असणे इष्ट. म्हणून जागेची निकड असली तरी कच्चा मध काढू नये. दुसरी मधकोठी द्यावी.

६. वसाहतीचे विभाजन

सर्व उपाय करूनही काही वसाहती थवा काढण्याच्या तयारीला लागतात. अशा वेळी मधपाळाने स्वतःच विभाजन करणे श्रेयस्कर असते. जुनी राणी, पिलाव्याची निम्मी पोळी व पुरेशा माश्या नव्या पेटीत हलवाव्यात. मूळ पेटीत चांगली वाढ झालेली एक किंवा दोन राणीघरे ठेवून बाकीची काढावीत. बाहेर हिंडणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात. म्हणून नव्या पेटीत तरुण माश्या अधिक घ्याव्यात किंवा ती पेटी दोन-तीन किलोमीटर दूर न्यावी. नव्या राणीचा जन्म अंड्यापासून सुमारे १६ दिवसांत होतो; त्यानंतर तिचे मीलन व अंडी घालण्यास सुरुवात होईपर्यंत आणखी एक ते दोन आठवडे जातात. परिसरात नरमाश्या नसतील तर हे विभाजन निष्फळ ठरते.

पोळ्यांची अदलाबदल करताना रोगाची तपासणी अनिवार्य आहे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने केरळमधील देशी माशीच्या वसाहतींची अपरिमित हानी केली. पिशवीसारखी फुगलेली मृत पिल्ले दिसल्यास त्या पेटीतील पोळे दुसऱ्या पेटीत कदापि देऊ नये.

विभाजनाचा एक सामाजिक पैलूही आहे. पेण व रोह्याच्या डोंगराळ भागात कातकरी व ठाकूर समाजाची वस्ती असून, माशी कोणत्या ढोलीत नांदते आणि कोणते झाड कधी फुलते याचे त्यांचे ज्ञान पिढ्यान् पिढ्यांचे आहे. पेट्या भरण्यासाठी दरवर्षी रानातील वसाहती पकडून आणल्या तर रान ओस पडेल. पेटीतील वसाहतींचेच योग्य वेळी विभाजन झाले तर ही गरज कमी होईल. रानाची जाण असलेल्या या समाजाला केवळ वसाहती पकडून देणारा मजूर न मानता मधपाळ म्हणून उभे करावयाचे असेल, तर जागेच्या नियोजनाचे हे शिक्षण त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचले पाहिजे.

७. पेण व रोह्याचे ऋतुचक्र आणि जागेचा क्रम

पावसाळा : जून ते सप्टेंबर हा येथील माश्यांचा कसोटीचा काळ होय. सततच्या पावसाने बाहेर पडता येत नाही. साठ्यावर गुजराण करावी लागते. या काळात जागा कमी ठेवावी. मृगाच्या सरींपूर्वी मधकोठी उतरवावी, मात्र माश्यांच्या वाट्याचा मध पिलावा कोठीत राहू द्यावा. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून, शेवटच्या पोळ्यानंतर आडफळी बसवावी. काढलेली पोळी मेणकिड्यापासून सुरक्षित ठेवावीत. पुढच्या हंगामात तीच खरी पुंजी ठरते. गरजेनुसार साखरेचा घट्ट पाक द्यावा, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात व तळपाट स्वच्छ करीत राहावे.

पावसाळ्यानंतर : ऑक्टोबरपासून बांधावरील व माळावरील रानफुले, परसातील वेलभाज्या यांवर परागाची आवक वाढते आणि राणीचे अंडी घालणे वेग घेते. या काळात आडफळी सरकवीत एकेक बांधलेले पोळे परत द्यावे. जागा वाढविण्याची ही पहिली पायरी होय.

हिवाळा : डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आंबा व काजू मोहोरतात. जोमदार वसाहतींत दाटी होऊ लागते. या हंगामात दर सात-आठ दिवसांनी पिलावा कोठी तपासावी. राणीघर बंद होण्यास सुमारे आठ दिवस लागतात, म्हणून हे अंतर ठरते. नवे पोळे बांधवून घेण्यास व आवश्यक तेथे विभाजन करण्यास हा काळ सोयीचा असतो, कारण दोन्ही वसाहतींना सावरण्यासाठी पुढे फुलोऱ्याचे काही महिने मिळतात.

उन्हाळा : मार्चपासून जांभूळ, करंज, हिरडा यांसारखे वृक्ष व खाडीकाठी तिवरे फुलतात. मधकोठी चढविण्याचा व मध काढण्याचा हा मुख्य काळ. खाडीकाठच्या व डोंगराकाठच्या गावांत फुलोऱ्याच्या तारखा जुळत नाहीत. त्यामुळे एकच तारीख संपूर्ण तालुक्याला लावता येणार नाही. मेच्या मध्यानंतर मात्र विभाजन टाळावे. त्या वेळी केलेले विभाजन म्हणजे दोन दुबळ्या वसाहती पावसाच्या हवाली करणे होय. डोंगरात कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीसही मधकोठीची गरज भासू शकते.

८. महाविद्यालयांची भूमिका

मेलिफेराविषयीची इंग्रजी पुस्तके सहज उपलब्ध असल्यामुळे त्यांतील सूचना सातेरीला जशाच्या तशा लागू करण्याकडे कल दिसतो. मेलिफेराची राणी भराच्या काळात दिवसाला दीड हजारांहून अधिक अंडी घालू शकते. तिच्या वसाहतीला मानवणारी जागा सातेरीला जड जाते. म्हणून स्थानिक निरीक्षणांची गरज आहे आणि ती पुरविण्याची क्षमता ग्रामीण महाविद्यालयांत आहे. प्राणिशास्त्र विभागाने परिसरात दोन पेट्या ठेवून दर आठवड्यास माश्यांनी झाकलेली पोळी, पिलाव्याची पोळी, राणीघरे व मधकोठीची स्थिती एवढ्या चारच बाबी नोंदविल्या, वनस्पतिशास्त्र विभागाने त्या आठवड्यात फुललेल्या वनस्पतींची यादी जोडली, तरी पाच वर्षांत पेण-रोह्याचे स्वतःचे मधपंचांग तयार होईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कौशल्याधारित अभ्यासक्रमांना मिळालेले स्थान पाहता, हे काम अभ्यासक्रमाबाहेरचे राहण्याचे कारण नाही.

निष्कर्ष :

१) दाटीमुळे होणारे विभाजन व विपन्नतेमुळे होणारे स्थलांतर या भिन्न घटना असून त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत.
२) जागा म्हणजे रिकामी पोकळी नव्हे, माश्या झाकू शकतील अशी बांधलेली घरे म्हणजे जागा.
३) पिलावा कोठीतील जागा राणीसाठी व मधकोठीतील जागा मकरंदासाठी असते, एकीची उणीव दुसरीवर ताण आणते.
४) राणीघरे खुडणे हा दाटीवरील उपाय नाही, वेळेवर चौकट देणे, मध काढणे व गरजेनुसार विभाजन करणे हे उपाय होत.
५) पेण व रोह्यात ऑक्टोबर ते मे जागा क्रमाक्रमाने वाढविणे आणि पावसाळ्यापूर्वी ती आटोपशीर करणे, असा क्रम योग्य ठरतो.

समारोप :

राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासारख्या योजनांमुळे गेल्या काही वर्षांत या व्यवसायाकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. पेट्या पुरविणे हा अशा प्रयत्नांचा सोपा भाग होय. ज्या कुटुंबाला पेटी मिळते, त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढच्या दसऱ्याला तिच्यात माशी नांदते आहे की नाही, हा असतो. एकदा पेटी रिकामी झाली की ते कुटुंब बहुधा पुन्हा या वाटेला जात नाही. आणि आंबा-काजूच्या बागांना, परसातल्या काकडी-दुधीला लाभणारी परागीभवनाची सेवाही त्यासोबत जाते. म्हणून मधमाशीपालनाच्या यशाचे मोजमाप वाटलेल्या पेट्यांच्या संख्येवरून न करता, दोन पावसाळे पार करून नांदणाऱ्या वसाहतींवरून व्हावे. हंगामात आठ दिवसांतून एकदा पेटी उघडणे, पोळी मोजणे आणि एक चौकट द्यावी की काढावी याचा निर्णय घेणे, एवढ्या साध्या शिस्तीवर ही संख्या मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.